मदत हवी आहे: देवाने सोपवलेल्या सेवेला होकार कसा देऊ?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. अखेरच्या दिवसांतल्या आजाऱ्यांना भेटून प्रार्थना करण्याची सेवा आमच्या चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) मला घ्यायला सांगितली आहे. ३ आठवडे झाले, होकार देववत नाही. वडिलांच्या शेवटच्या रात्री माझ्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. पुन्हा तसंच झालं तर?

बायबलमधल्या निर्गम ४ मध्ये, देव इस्राएल लोकांना सोडवायला पाठवतो तेव्हा मोशेही म्हणतो, मला नीट बोलता येत नाही. देव रागावतो, पण पाठवायचं सोडत नाही. सोबतीला त्याचा भाऊ अहरोन देतो. तिथे मला धीर येतो. देवाने लढाईसाठी निवडलेल्या गिदोनाने मात्र खात्रीसाठी लोकरीची खूण दोनदा मागितली: एकदा फक्त लोकर दवाने भिजावी, एकदा फक्त तीच कोरडी राहावी (बायबल, शास्ते ६). मीही खूण मागावी, की तो अविश्वास ठरेल?

ही सेवा करणाऱ्यांनो, पहिल्या भेटीत तुम्ही काय बोललात? सोबत कुणाला नेलं होतं का?