गेटवरचा फलक का वाकला? सनबोर्डवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव: नमस्कार मंडळी. गेटजवळच्या पार्किंगच्या फलकाचा फोटो टाकलाय. मधोमध पोट पुढे आलंय आणि खालचा एक कोपरा स्क्रूपाशी फाटलाय. सगळ्या विंगांचे फलक नव्याने करायचे आहेतच: विंगची नावं, मजल्यांचे आकडे, पार्किंगचे नंबर, पंपरूम, मीटररूम. पुन्हा सनबोर्डच घ्यायचा की दुसरं काही? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

बी-१०४: सनबोर्ड नकोच म्हणतो मी. उन्हात वाकतो. पत्र्याचे करून टाका, एकदाचं काम होईल.

सी-६०१: काका, पत्र्याच्या कडा हाताला लागतात. पार्किंगमध्ये मुलं सायकली घेऊन फिरत असतात.

ए-४०३: साहेब, फोटो मोठा करून पाहिला. माझं रोजचं काम फलकांचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या फलकाचे चारही कोपरे स्क्रूने घट्ट आवळलेत. भोकं स्क्रूच्याच जाडीची आहेत. पार्श्वभूमी गडद निळी आहे आणि भिंतीवर दुपारनंतरचं सगळं ऊन येतं. अशा ठिकाणी, असा आवळून लावला की सनबोर्ड वाकणारच. तोच बोर्ड, तेवढ्याच जाडीचा, नीट लावला असता तर आज सरळ दिसला असता.

बी-१०४: पण ताई, ऊन तर सगळीकडेच आहे. मग तो बाहेर लावायच्या लायकीचा नाही असंच झालं ना?

ए-४०३: नाही काका. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. पाण्याच्या कडक पाइपात जे प्लास्टिक असतं तेच, फक्त आत हवेचे बारीक बंद कप्पे. भरीव पीव्हीसीची घनता घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅमच्या आसपास असते, या बोर्डाची ०.५ ते ०.७. म्हणजे ५ मिमी जाडीचा एक चौरस मीटर तुकडा अडीच ते साडेतीन किलो भरतो. १ मिमी जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्याच मापात जवळजवळ आठ किलो होतो. कप्पे बंद असल्यामुळे बोर्ड पाणी पीत नाही, प्लायसारखा फुगत नाही, गंजायचा तर प्रश्नच नाही.

त्याची कमजोरी उष्णता. साधारण ६५-७० अंश सेल्सियसच्या पुढे तो मऊ पडायला लागतो, आणि उन्हातला गडद रंग आजूबाजूच्या हवेपेक्षा खूपच जास्त तापतो. त्याच्या आधीच तो लांबायला लागलेला असतो. एक मीटर लांबीला दर अंशामागे सुमारे ०.०६ ते ०.०७ मिमी. आकडा किरकोळ वाटतो, पण २.४ मीटरचा फलक सकाळपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला की साडेचार-पाच मिमी वाढतो. पोलाद त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच वाढतं. चारही कोपरे आवळलेले असतील तर ही वाढ जाणार कुठे? पुढे पोट काढणार. रात्री थंड होताना तोच बोर्ड आक्रसतो आणि स्क्रूपाशी ओढ बसते. तुमचा कोपरा तिथूनच फाटलाय.

सचिव: हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मग लावायचा कसा?

ए-४०३: भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन मिमी मोठं पाडायचं आणि स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर घालायचा. स्क्रू वॉशरला टेकला की थांबायचं, पुढे पिळायचं नाही. बोर्ड जागेवर राहिला पाहिजे, पण त्याला किंचित सरकता आलं पाहिजे. मोठ्या फलकात एखादंच भोक, शक्यतो वरच्या कडेच्या मधलं, नेमक्या मापाचं ठेवायचं, म्हणजे फलक तिथून दोन्हीकडे वाढतो. बाकीची सगळी सैल. भोक कडेला अगदी चिकटून पाडू नये. आणि स्क्रूचं डोकं आत बसवण्यासाठी बोर्डात शंकूसारखा खड्डा करणारे कारागीर असतात, त्यांना थांबवा. तो खड्डा पाचरीचं काम करतो आणि बोर्ड तिथे चिरतो.

बाहेरच्या फलकाची पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट ठेवा, अक्षरं गडद. हा एक बदल केला तरी निम्मा त्रास कमी होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

सी-६०१: ताई, स्क्रूऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली तर? भिंतीला भोकं नकोत म्हणून विचारतोय.

ए-४०३: लिफ्टच्या स्टीलच्या चौकटीवर, टाइल्सवर, काचेवर खुशाल लावा, जाड फोमची टेप घ्या. आधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या आणि चिकटवल्यावर चांगला दाब द्या. पूर्ण पकड यायला दिवसभर तरी लागतो. पण जिन्यातल्या भिंतींना डिस्टेंपर आहे. तिथे टेप रंगाला चिकटते, भिंतीला नाही. काही दिवसांनी रंगाच्या पापुद्र्यासकट फलक खाली येईल. तिथे स्क्रूच.

बी-७०२: मध्येच विचारते, माफ करा. क्लबहाउसमध्ये मुलांच्या चित्रांचं आणि विज्ञानाच्या प्रकल्पांचं प्रदर्शन ठेवायचंय. उभे राहतील असे हलके बोर्ड हवेत, मुलांनाच उचलून मांडता आले पाहिजेत. तिथे हाच सनबोर्ड का?

ए-४०३: काकू, तिथे दोन पर्याय आहेत आणि दोन्ही सनबोर्डपेक्षा हलके. एक फोम बोर्ड: आत पॉलिस्टायरीनचा फोम, दोन्ही बाजूंना गुळगुळीत कागद. चित्रं चिकटवायला याच्यासारखं सोपं काही नाही. फक्त पाण्यापासून आणि ओलसर भिंतीपासून लांब ठेवा, कागदाने ओल धरली की बोर्ड वळतो. रबरी सोल्यूशन किंवा उग्र वासाचा गोंद वापरू नका, त्यातलं द्रावण आतला फोम विरघळवून टाकतं. साधा पांढरा गोंद चालतो, पण पातळ थरातच.

दुसरा पर्याय सनपॅक, म्हणजे आत पोकळ नळ्यांच्या रांगा असलेलं पॉलिप्रॉपिलीनचं शीट. मला मुलांच्या कामासाठी हेच आवडतं. पाण्याने बिघडत नाही, आपटलं तरी फुटत नाही, ४ मिमीचा एक चौरस मीटर तुकडा किलोपेक्षाही कमी वजनाचा असतो. आणि घडी छान पडते: नळ्यांच्या दिशेने फक्त वरचा एक पदर कटरने उघडायचा, खालचा तसाच ठेवायचा. तोच बिजागरीसारखा काम करतो. तीन भागांचा उभा पडदा करायचा तर नळ्या उभ्या ठेवा आणि घड्याही उभ्याच घ्या, म्हणजे बोर्ड स्वतःच्या पायावर ताठ उभा राहतो. आडव्या नळ्यांचा केलात तर वरून मान टाकेल. यावर मात्र साधा गोंद धरत नाही. पॉलिप्रॉपिलीनला सहजासहजी काही चिकटत नाही, म्हणून छपाईसाठीही त्याच्या पृष्ठभागावर विजेची वेगळी प्रक्रिया करावी लागते. चित्रं टेपने किंवा क्लिपने लावा.

बी-७०२: फारच छान समजावलंस गं. कापायचं मुलांनी की मोठ्यांनी?

ए-४०३: कापायचं मोठ्यांनीच. स्टीलची पट्टी, नवं ब्लेड, आणि हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून. एका झटक्यात कापायला गेलं की ब्लेड पट्टीवरून घसरतं आणि फोमची कडही कुरतडली जाते.

सी-६०१: कापण्यावरून आठवलं. आमच्या कॉलेजमध्ये लेझर कटर आहे. विंगची मोठी अक्षरं सनबोर्डमधून मी कापून आणू का? कडा एकदम साफ येतील.

ए-४०३: नको. हे सगळ्यांनीच वाचावं. पीव्हीसी लेझरने कधीच कापायचं नाही. लेझर जाळत कापतो, आणि पीव्हीसीमधल्या क्लोरीनमुळे हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपाय करतो, शिवाय ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होऊन मशीनचे आतले भागही खराब होतात. लॅबमधले सर तुला परवानगी देणारही नाहीत. ॲक्रिलिक असेल तर लेझर चालतो. सनबोर्डची अक्षरं सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर, कापून घेऊ, किंवा ३ मिमीची सरळ कडांची असतील तर कटरनेही होतात. राउटरची किंवा करवतीची धूळ उडते, मास्क लावायचाच.

सी-६०१: बरं झालं विचारलं.

बी-१०४: ताई, पत्र्याचा हट्ट सोडला. पण मला दुसरी काळजी आहे. जिन्यात एवढं प्लास्टिक लावायचं, आणि उद्या आग लागली तर?

ए-४०३: काका, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कडक पीव्हीसी सहज पेट घेत नाही आणि ज्योत बाजूला केली की बहुतेकदा विझतं. पण तापलं की त्याचा धूर आम्लयुक्त आणि विषारी असतो. फोम बोर्ड आणि सनपॅक याहून वाईट: दोन्ही चांगले जळतात आणि जळते थेंब खाली गळतात. म्हणून माझं सांगणं असं, की जिन्यात सनबोर्डचे छोटे मजल्याचे आकडे ठीक आहेत, पण तिथे सनपॅकचे किंवा फोमचे मोठे डिस्प्ले एक दिवसासाठीसुद्धा ठेवू नयेत. काकूंचं प्रदर्शन क्लबहाउसमध्ये, दारं मोकळी सोडून. जिन्यात त्याची एकही पाटी नको.

बाहेर पडण्याच्या वाटेचे आणि अग्निशामक सिलिंडरचे फलक आपल्या आवडीच्या रंगात करू नका. आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकात चिन्हं आणि रंग ठरलेले आहेत: सुटकेच्या वाटेला हिरव्यावर पांढरं, आगीच्या साधनांना लालवर पांढरं, धोक्याला काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण. अनोळखी माणसालाही न वाचता कळतं, तेच त्यांचं काम. जिन्यातले हे फलक अंधारात उजळणारे घ्या, कारण आगीत दिवे आधी जातात आणि धूर वर साचतो. मीटररूमच्या दारावरचा विजेचा इशारा विजेच्या नियमांप्रमाणेच हवा, तो इलेक्ट्रिशियनला विचारून घेऊ.

सचिव: नोंद केली. जाडी किती सांगू?

ए-४०३: दारांवर आणि मजल्यांना ३ मिमी. विंगची नावं आणि पार्किंग ५ मिमी. गेटचा मोठा फलक ८ किंवा १० मिमी, आणि मागे धातूची चौकट. वाऱ्याचा विचार करा: ताशी ७२ किमीच्या वाऱ्यात सपाट फलकाच्या दर चौरस मीटरला साधारण २५ किलोचा दाब बसतो. आठ बाय चार फुटांची पूर्ण शीट जवळजवळ तीन चौरस मीटर असते, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो. बोर्ड हलका म्हणून आधारही हलका, हा हिशोब चुकीचा आहे. गेटवरून कोणाच्या डोक्यात काही पडता कामा नये.

छपाईबद्दल: विनाइल, म्हणजे छापलेली चिकट प्लास्टिकची पातळ फिल्म, चिकटवून घेणार असाल तर मोठ्या फलकाला मागेही साधं विनाइल लावून मागा. एकाच बाजूला लावलेलं विनाइल आक्रसलं की बोर्डाला ओढून वाकवतं. वरून मॅट लॅमिनेशन घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर रात्री गाडीचा दिवा पडला की अक्षरंच दिसत नाहीत.

बी-७०२: अक्षरांचं माप पण सांग. आमच्या विंगचं नाव सध्या रस्त्यावरून दिसतच नाही. पाहुणे फोन करत बसतात.

ए-४०३: ढोबळ माप असं, की दर ३ मीटर अंतराला २५ मिमी उंचीचं अक्षर. ३० मीटरवरून वाचायचं असेल तर २५० मिमी. देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून खाली अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, मात्रा, वेलांट्या आणि उकार त्यात धरायचे नाहीत. पण त्यांना जागा मात्र सोडायची. डिझाइन करणारे इंग्रजीच्या सवयीने ओळी इतक्या जवळ घेतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. प्रूफ आलं की तेवढं आधी बघा. आणि फार बारीक किंवा वळणदार फॉन्ट नको, लांबून ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात.

ए-२०१: माझ्या सासऱ्यांना अलीकडे कमी दिसतं. लिफ्टमधून बाहेर आल्यावर कोणता मजला ते हाताने कळेल असं काही करता येईल का?

ए-४०३: हो, आणि त्याला वेगळं मटेरियलही लागत नाही. ३ मिमीच्या बोर्डवर ॲक्रिलिकचा उठावदार आकडा चिकटवायचा, शेजारी ब्रेल. जमिनीपासून १२०० ते १५०० मिमीच्या दरम्यान, लिफ्टच्या दाराशेजारी, प्रत्येक मजल्यावर अगदी त्याच जागी. जागा बदलली की शोधावं लागतं. व्हीलचेअरवर बसलेल्यालाही ही उंची सोयीची पडते.

ए-२०१: खूप आभार ताई. त्यांना आत्ताच सांगते.

सचिव: हे सगळ्या विंगांना करू. आता जुने फलक काढून भंगारात देऊ ना?

ए-४०३: लगेच नको साहेब. न वाकलेल्या फलकांची मागची बाजू स्वच्छ आहे. हेअर ड्रायरने थोडं गरम केलं की जुनं विनाइल निघतं. पंपरूम आणि गच्चीचे छोटे फलक त्यातूनच कापू. उरलेलं भंगारवाल्याला वेगळं बांधून द्या आणि पीव्हीसी आहे असं सांगा, त्याचा पुनर्वापराचा आकडा ३. पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकात थोडं जरी मिसळलं तरी तो सगळा माल खराब होतो. आणि सफाईवाल्या दादांना आजच निरोप द्या, पालापाचोळ्याबरोबर एकही तुकडा जाळायचा नाही.

सचिव: निरोप दिला. रविवारी सकाळी मोजमाप घेऊ. टेप माझ्याकडे आहे, शिडी कोण आणतंय?

सी-६०१: शिडी मी आणतो.