हेडरचे पोलाद सततची उष्णता सोसते, मग बंद-चालूने त्याला भेगा का पडतात?

प्रश्न:
मी नागपूर जिल्ह्यातील एका औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरच्या देखभालीचे काम पाहतो. आमच्या सुपरहीटरचे (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाचे) हेडर, म्हणजे अनेक नळ्या जिथे जोडलेल्या असतात तो जाड भिंतीचा मोठा नळ, पी-२२ या क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाचे असून ५४० अंश सेल्सिअसच्या वाफेवर ते अनेक वर्षे निर्धोक चालले. अलीकडे मागणीनुसार संच वारंवार बंद-चालू करावा लागतो आणि तेव्हापासून हेडरच्या आतून, नळ्यांच्या छिद्रांमधील पट्टीत, भेगा आढळत आहेत. दाब व तापमान मर्यादेतच आहे. मग क्रीप, म्हणजे उष्णतेत स्थिर भाराखाली हळूहळू ताणले जाणे, सोसण्यासाठी निवडलेले पोलाद इथे का कमी पडते?

उत्तर १:
कारण क्रीप आणि फटीग (पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या ताणाने भेगा पडणे) ही दोन निराळी संकटे आहेत. केल्व्हिनमध्ये मोजलेले तापमान वितळबिंदूच्या सुमारे ४० टक्क्यांपुढे गेले की अणू जागा बदलू लागतात आणि स्थिर भाराखालीही धातू वर्षानुवर्षे कणाकणाने ताणला जातो. पोलादातील सूक्ष्म कार्बाइड कण (धातू व कार्बनची संयुगे) हे सरकणे अडवतात. तुमच्या भेगांचे मूळ मात्र भिंतीच्या जाडीत आहे. संच बंद होताना नळ्यांत साचलेले पाणी तापलेल्या हेडरमध्ये उतरले, तर आतला पृष्ठभाग एकदम आकसू पाहतो, बाहेरची गरम भिंत त्याला आकसू देत नाही, आणि प्रत्येक फेरीत छिद्रांच्या कडेला थोडी कायमची विकृती उरते. त्यानंतर तासन्‌तास उच्च तापमान राहिले की क्रीपमुळे धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर पोकळ्या वाढतात. दोन्ही हानी एकत्र आल्या की आयुष्य फार झपाट्याने घटते.

तापमान ठरावीक वेगाने बदलत असताना भिंतीच्या आत-बाहेरची तफावत जाडीच्या वर्गाच्या (जाडी × जाडी) प्रमाणात वाढते. म्हणून ९ टक्के क्रोमियमच्या, अधिक मजबूत पी-९१ पोलादाचा मोठा लाभ मला त्यामुळे शक्य होणाऱ्या पातळ भिंतीत दिसतो. अर्थात वेल्डिंगनंतरची उष्णताप्रक्रिया चुकली, तर त्या पोलादाची ताकदच हरवते.

उत्तर २:
गॅस टर्बाइनमध्येही हाच पेच आहे. क्रीपला मोठे स्फटिककण मानवतात, तर भेग सुरू होऊ न देण्यासाठी बारीक कण हवे असतात. म्हणून निकेल मिश्रधातूचे सर्वाधिक तापणारे पाते एकस्फटिकी (संपूर्ण एकाच स्फटिकाचे) ओततात आणि तुलनेने थंड राहणारी चकती बारीक कणांची घडवतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पुढच्या शटडाउनमध्ये ड्रेन व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात का, हे आम्ही आधी तपासू आणि हेडरच्या वरच्या व खालच्या भागांवर थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) बसवून पाणी नेमके केव्हा उतरते, त्याची नोंद ठेवू.