मदत हवी आहे: उभा केलेला फिफ्थ-व्हील ट्रेलर फार डुलतो, हालचाल कमी कशी करावी?

वाऱ्यावरची_वरात:

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत आरव्हीत (चाकांवरच्या फिरत्या घरात) राहणारं किंवा निदान ट्रेलर ओढणारं इथे कुणी असेल तर मदत करा. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनीही डोकं घातलं तरी चालेल, कारण प्रश्न शेवटी पाय, तुळया आणि टेकूंचाच आहे.

आम्ही सध्या टेक्सासात अमरिलोजवळच्या एका आरव्ही पार्कात आहोत. नवऱ्याचं काम पवनचक्क्यांच्या प्रकल्पांवर, माझं ऑनलाइन. साइट बदलली की बिऱ्हाड हलतं, म्हणून भाड्याच्या घराच्या करारात अडकण्याऐवजी जुना 36 फुटी ट्रेलर घेतला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: याचं नाक पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या कपलिंगवर टेकतं. पिकअप काढून घेतली की पुढचा भार दोन विजेवर चालणाऱ्या पायांवर येतो (इथे त्याला लँडिंग गिअर म्हणतात), मधे चार चाकं, आणि मागच्या टोकाला दोन स्टॅबिलायझर (टेकू). हायड्रॉलिक ऑटो-लेव्हलिंग नाही. बेडरूम नाकात आहे, म्हणजे पुढच्या पायांच्याही पुढे अधांतरी. बैठकीची खोली मागे.

तर त्रास असा. कुणी स्वयंपाकघरातून बेडरूमच्या पायऱ्या चढलं की आख्खं घर हलतं. ओट्याच्या वर हुकांना पळी, झारा, डाव टांगलेत, ते एकमेकांवर आपटून किणकिणतात. दोघंच होतो तोवर सवय झाली होती. आता माझे आई-बाबा आलेत आणि मागच्या सोफा-कम-बेडवर झोपतात. आई मूळची पाटणची. 1967 चा कोयनेचा भूकंप तिने लहानपणी अनुभवलाय. रात्री मी पाणी प्यायला उठले की ती ताडकन उठून बसते. बाबा म्हणतात, ‘हलतंय ते दिसतंय, पण कशामुळे ते सांग.’ तेच मला सांगता येत नाहीये.

सध्या आम्ही करतो ते असं: आधी चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून डावी-उजवी पातळी काढतो. मग चाकांना पुढून-मागून रबरी चॉक (अडसर), मग पिकअप सोडवणं, पुढच्या पायांनी पुढची-मागची पातळी, आणि शेवटी मागचे स्टॅबिलायझर घट्ट होईपर्यंत खाली. जमीन खडीची आहे, पायांखाली लाकडी फळ्या आहेत.

बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू दिसतात. किंगपिनखाली (नाकाखालची, कपलिंगमध्ये अडकणारी पिन) लावायची तिवई, दोन चाकांमध्ये अडकवायचा एक्स-चॉक, पायांना जोडायच्या तिरप्या दांड्या. सगळ्यांच्या जाहिरातीत बाई हातात काठोकाठ भरलेला कप घेऊन चालते. सगळं घ्यायची ऐपत नाही, आणि निघताना इतका पसारा आवरायची हौसही नाही. आधी काय घ्यावं? काही न घेता काय सुधारता येईल? आणि अमरिलोचा वसंतातला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांनी त्याबद्दलही सांगा.

आगाऊ धन्यवाद.

भाकरवडी_एक्सप्रेस:

आमचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलरही डुलतो. सौ. म्हणतात, वजन कमी करा. ट्रेलरचं म्हणत असाव्यात. वाचतोय.

जुना_फिटर:

ताई, निवृत्तीनंतर आम्ही दोघं हिवाळाभर ॲरिझोनात असाच ट्रेलर लावून बसतो, तेव्हा थोडं लांबलचक लिहितो.

बाबांचा प्रश्न बरोबर आहे. तीन वेगवेगळ्या हालचाली असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. पहिली पुढे-मागे, दुसरी डावी-उजवी, तिसरी वर-खाली. दुकानदार तिन्हींना एकच शब्द वापरतो आणि एकच वस्तू गळ्यात मारतो.

खरेदीआधी हे करा. एकाने आत चालायचं, दुसऱ्याने बाहेर बसायचं. जमिनीत एक काठी रोवा, तिचं टोक ट्रेलरच्या कडेच्या पत्र्याजवळ आणा आणि पत्र्यावर पेन्सिलीने खूण करा. आतल्याने आधी पायऱ्यांवरून बेडरूममध्ये जायचं, मग सोफ्यावर धपकन बसायचं, मग आडवं एका भिंतीकडून दुसरीकडे. खूण कुठल्या दिशेला सरकते ते बघा. पुढच्या पायांपाशी, चाकांपाशी आणि मागच्या टोकाशी, तिन्हीकडे. खूण हलत नसेल आणि आत मात्र जमीन दबल्यासारखी वाटत असेल, तर दोष फ्लोअरचा आहे. त्याला बाहेरचा कुठलाही जॅक उपयोगाचा नाही.

आता कारणं. पुढे-मागे हलण्याचं मूळ बहुधा चाकांत. दोन ॲक्सलच्या पाट्यांच्या स्प्रिंगांमध्ये इक्वलायझर नावाचा एक झुलता तुकडा असतो. रस्त्यावर तो भार दोन्ही चाकांत वाटतो, पण उभं असताना तोच झुलत राहतो. शिवाय या ट्रेलरला हँडब्रेक नसतो. इलेक्ट्रिक ब्रेक एरवी पिकअपने करंट दिला तरच लागतात. रबरी चॉक ट्रेलरला गडगडू देत नाही, पण टायर आणि चॉकच्या मधली बोटभर फट तशीच राहते आणि तेवढ्यात घर मागे-पुढे होतं. एक्स-चॉक दोन टायरांच्या मधे फाकतो, दोन्ही चाकं एकमेकांविरुद्ध जखडतो, त्यामुळे ही हालचाल बरीच मरते. दोन्ही बाजूंना लावा. साधे चॉक काढायचे नाहीत, हा त्यांच्या जोडीला. पहाटे टायर गार होऊन आक्रसले की तो सैल होतो, तेव्हा अधूनमधून हात लावून पाहायचं. पान्यावर उभं राहून आवळू नका.

डावी-उजवीचं मूळ पुढच्या पायांत. हे पाय म्हणजे नळीत नळी. जेवढे लांब बाहेर तेवढे लुळे. तुमच्या पायांची आतली नळी किती बाहेर आहे ते मोजा. वीतभरापेक्षा जास्त दिसली तर पायाखाली जाड लाकडी ओंडके द्या. इथे लाकडाच्या दुकानात 6 बाय 6 इंची चौकोनी तुळई मिळते, तिचे फूट-दीड फूट लांबीचे तुकडे करून घ्या. दोन थर लागले तर दुसरा थर आडवा, पहिल्यावर काटकोनात. यात पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि फरक सगळ्यात आधी जाणवतो.

मागच्या स्टॅबिलायझरवर जोर काढू नका. ते डुलणं थांबवायला असतात, वजन उचलायला नव्हे. खाली अजून रेटलेत तर चासी पिळते, मग दार अडकतं, स्लाइड (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) घासते. त्यापेक्षा ही युक्ती करा: पातळी काढताना नाक मुद्दाम थोडं खाली ठेवा, म्हणजे मागचं टोक थोडं वर जाईल. आता मागचे स्टॅबिलायझर जमिनीला नीट टेकवा. मग नाक वर उचलून पातळीत आणा. मागचं टोक आपसूक स्टॅबिलायझरवर बसतं आणि त्यांच्यावर हवा तेवढा दाब येतो. तुमच्या क्रमात एवढाच बदल करा.

किंगपिन_काका:

आधी तिवई घ्या. आमची बेडरूम तिवईने शांत झाली. किंगपिनखाली लावली, वर आवळली, काम खलास.

जुना_फिटर:

काका, तिवईला माझा विरोध नाही, पण पहिला नंबर मी तिला देणार नाही. नाकाचं वर-खाली ती कमी करते, आडवं थोडंफार. अडचण अशी की लोक ती आवळत सुटतात. तुमचा ट्रेलर 14,000 पौंडांचा धरला तर पिनवरचा भार साधारण 20 ते 25 टक्के, म्हणजे 2,800 ते 3,500 पौंड. तो पेलायला पाय आहेत. तिवईने फक्त हात लावून उभं राहायचं. पाय हलके झाले आणि खडीत तिवई खचली, की नाक आधीपेक्षा जास्त डुलणार. शिवाय अंधारात नडगीला लागते.

आडवं हलणं मुळातून जातं ते तिरप्या दांड्यांनी. मांडवाच्या खांबांना ताणे देतात तेच तत्त्व. चार पायांवरची चौकट आडवी कलते, तिरपी दांडी मारली की तिथे त्रिकोण होतो आणि त्रिकोण कलत नाही. पायाच्या तळापासून चासीच्या तुळईपर्यंत सरकत्या नळ्या असतात, पातळी काढून झाली की आवळायच्या. ‘जेटी स्ट्राँग आर्म’ नावाने मिळतात त्या याच पद्धतीच्या, इतरही आहेत. स्वस्त नाहीत. पण एकदा बसवल्या की ट्रेलरलाच राहतात, निघताना आवरायचा पसारा नाही.

सिव्हिल_पण_सज्जन:

फिटरसाहेबांशी सहमत. भर एवढीच: मधल्या भागात वर-खाली होत असेल तर चाकांच्या जरा पुढे आणि जरा मागे चासीच्या मुख्य तुळईखाली स्क्रूचे जॅक स्टँड लावता येतात. पण ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावू नका, ती वाकते आणि मग टायर एका कडेने झिजतात. स्लाइडच्या खोक्याखालीही टेकू नको. ट्रेलर चारदोन दिवसांत थोडा बसतो, टेकू बसत नाही, आणि सगळा भार स्लाइडच्या यंत्रणेवर येतो.

टायरची हवा तपासा. या वजनाच्या ट्रेलरला 80 किंवा 110 पीएसआयचे टायर असतात, आकडा टायरवरच छापलेला असतो. हवा कमी असली की टायरच्या भिंती लिबलिबतात. घर डुलतं ते डुलतंच, वर हायवेला टायर फुटायची भीती.

वाऱ्यावरची_वरात:

सगळ्यांचे मनापासून आभार. काठीचा प्रयोग शनिवारी केला. बाबा बाहेर खुर्ची टाकून पेन्सिल घेऊन बसले. शेजारच्या साइटवरचे आजोबा चौकशी करायला आले आणि तेही बसले. आई आत चालायची. एरवी आत चालायला तयार नसते, पण प्रयोग म्हटल्यावर उत्साहाने.

निकाल: पुढच्या पायांपाशी खूण आडवी सरकते, बघताना डोळ्यांना दिसेल इतकी. चाकांपाशी पुढे-मागे. मागच्या टोकाला वर-खाली, तेही कुणी सोफ्यावर बसलं तरच. फ्लोअर ठीक आहे. पायाची आतली नळी हातभर बाहेर आहे, कारण साइटला पुढे उतार आहे. मागचे स्टॅबिलायझर कैचीचे नाहीत, बिजागरीवर झुलत खाली येणारे आहेत, आणि त्या बिजागरीतच खेळ आहे.

ओंडके लगेच आणले. दोन थर लागले. नळी आता वीतभरच बाहेर आहे. नाक खाली-वर करायची युक्तीही केली. पळी-झारा अजून किणकिणतात, पण फक्त कुणी पायऱ्या चढताना. आई रात्री एकदाच उठली, तेही ट्रेनच्या भोंग्याने.

आता प्रश्न असा: एक्स-चॉक आणि तिरप्या दांड्या यांत पहिल्यांदा काय? आणि त्या खेळ असलेल्या स्टॅबिलायझरचं काय करू?

जुना_फिटर:

आधी एक्स-चॉक. दांड्यांच्या मानाने खूप स्वस्त आहे आणि तुमच्या निकालात पुढे-मागे स्पष्ट दिसतंय. दांड्या पुढच्या महिन्यात, आणि त्या आधी पुढच्या पायांना घ्या. मागे बिजागरीचे स्टॅबिलायझर ठेवा, काढू नका, पण त्यांच्या आत चासीच्या तुळईखाली दोन हाताने फिरवायचे कैचीचे जॅक लावा. पसरट पाय असलेले. जमिनीला टेकले की वर आणखी अर्धा-पाऊण फेरा, बस. ड्रिल मशीन लावून फिरवत असाल तर शेवटचा फेरा हातानेच द्या, म्हणजे दाब कळतो.

पॅनहँडलचा_पाहुणा:

वाऱ्याचं मी सांगतो, लबक आणि अमरिलोत राहिलोय. मार्च-एप्रिलमध्ये तिथे वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो आणि दुपारी चढतो. बाजूने आला तर 36 फूट लांबीचा पत्रा म्हणजे त्याला आयतं शीड. पार्कवाल्याला विचारून नाक वाऱ्याकडे येईल अशी साइट मिळते का बघा. माझ्या मते हे कुठल्याही दांडीपेक्षा मोठं काम आहे. ऑनिंग (दारावरचं कापडी छत) उघडं ठेवून दुकानात जाऊ नका. स्लाइडच्या छतावरचं कापड फडफडायला लागलं तर वाऱ्याच्या बाजूची स्लाइड आत घ्या, जागा कमी होईल पण रात्री झोप लागेल. आणि वादळाचा इशारा असेल तर जॅक-बिक विसरा, सगळ्यांना घेऊन पार्कच्या पक्क्या इमारतीत जा. पार्कात आल्या दिवशीच विचारून ठेवा ती कुठली.

वाऱ्यावरची_वरात:

साइटचं विचारलं. पुढच्या आठवड्यात कडेची एक रिकामी होतेय, नाक बरोबर नैऋत्येला. म्हणजे आता सगळं उठवून पुन्हा लावायचं. एक्स-चॉक तोवर येईल. उठवताना काय आधी काढायचं तेवढं सांगा.

जुना_फिटर:

मागचे स्टॅबिलायझर आणि कैचीचे जॅक आधी वर. पुढे दांड्या आल्या की पायांना हात लावायच्या आधी आवळलेल्या दांड्या सैल करायच्या. नाहीतर मोटर पाय ओढते, दांडी सोडत नाही, आणि काहीतरी वाकतं. पिकअपच्या खिडकीला एक चिठ्ठी लावून ठेवा. मग नाक कपलिंगच्या उंचीला आणा, पिकअप जोडा, कपलिंगचा जबडा बंद झालाय का ते बॅटरी लावून डोळ्याने बघा. वायर आणि ट्रेलर पिकअपपासून सुटला तर ब्रेक लावणारी दोरी जोडा. पाय जमिनीपासून थोडे उचला आणि ट्रेलरचे ब्रेक दाबून हलकेच पुढे ओढून बघा. जबडा नीट बसला नसेल तर नाक पायांवर पडेल, हौद्यावर नाही. हे झालं की मग एक्स-चॉक, आणि रबरी चॉक सगळ्यात शेवटी. बाबांना रबरी चॉकवर नेमा.