अराता इझुमीला खेळताना पाहिलंय? आठवणी लिहा

फुटबॉलपटू अराताचा जपानमधल्या शिमोनोसेकीचा जन्म (१९८२), आई जपानी, वडील गुजराती. २००६ साली ईस्ट बंगालकडून खेळायला भारतात आला, पुढे मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि २००९ पासून आपली पुणे एफसी. ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांनी जरूर लिहा. सुरुवात मी करते.

कॉलेज बुडवून बालेवाडीला जायचो. एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं मोजकी, त्यामुळे खेळाडूंच्या हाकाही ऐकू यायच्या. मी आधी फक्त चेंडू बघायचे. चेंडू पायाशी नसताना मिडफिल्डर काय करतो, हे मला अराताकडे बघून कळलं. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग आपण दुसरे आलो, तो मोसम विसरणं शक्य नाही.

कोथरूडहून
तेव्हा मी जपानी शिकत होतो. ‘अराता’ म्हणजे नवा, हे वर्गात कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. एकदा त्याच्यासाठी दोन वाक्यं पाठ करून गेटपाशी थांबलो, पण बस निघून गेली. अजून चुटपुट लागते.

न्यू जर्सीहून
मीही पासपोर्ट बदललाय, म्हणून मला त्याच्या निर्णयाचं मोल फार वाटतं. भारतीय नागरिक नसेल तर भारतासाठी खेळता येत नाही, हा नियम २००८ च्या अखेरीस आला. वडील भारतीय असून उपयोग नव्हता. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे जपानचा पासपोर्ट सोडणं आलंच. आपण सगळे ज्या दिशेने जातो, त्याच्या बरोबर उलट तो आला. नीलकंठ हे नावही घेतलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा तिशी उलटली होती. अजून चार-पाच वर्षं आधी मिळाला असता तर! बाबांना फोन करून ही बातमी सांगताना माझा गळा दाटून आला होता.

कोलकात्याहून
२०१५ ला तो आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) इथल्या एटीके संघाकडून खेळला. मी तेव्हा इथे नोकरीला नवीन. ऑफिसातल्या बंगाली मित्रांना मी ठासून सांगायचो, ‘हा आमच्या पुण्याचा.’

नवी मुंबईहून
निवृत्तीनंतर तो इथेच राहून रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या फुटबॉल अकादमीच्या मुलांना शिकवू लागला, हे मला सगळ्यात भावतं. माझा अकरा वर्षांचा मुलगा मिडफिल्डला खेळतो. त्याला दाखवायला अराताच्या पुणे एफसीच्या मॅचेस शोधतोय, फार थोड्या सापडतात. कुणी बालेवाडीत मोबाइलवर काही टिपलं असेल, अगदी अंधुक असलं तरी चालेल, इथे द्याल का?