विषय: स्वराज द्वीपचं डिपॉझिट शुक्रवारी पाठवू नका

आप्पा, चोपड्याहून:

मंडळी, बापूंची कालची मेल वाचली, आपल्या अंदमानच्या सहलीत स्वराज द्वीपला (जुनं नाव हॅवलॉक) डायव्हिंग ठरलंय, त्याचं उरलेलं डिपॉझिट ते शुक्रवारी डायव्हिंगवाल्याला पाठवताहेत. माझी विनंती आहे, थांबा. त्याच्या कागदात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय की त्सुनामीच्या इशाऱ्यामुळे डाइव्ह, म्हणजे समुद्रातली बुडी, रद्द झाली तर पैसे परत नाहीत. पण मला पैशाचं तेवढं नाही. मी त्याला फोन करून विचारलं की तुमची बोट पाण्यात असताना इशारा आला तर ती जेट्टीला येणार का बाहेर खोल पाण्यात जाणार, तर म्हणे तेव्हाचं तेव्हा बघू. आपण २३ माणसं आहोत, त्यात ९ पोरं. ज्याच्या भरवशावर जायचं त्याच्याकडे याचं उत्तर आधीच तयार पाहिजे.

बापू, जळगावहून:

आप्पा, पैशाचं काम मंडळाने माझ्याकडे दिलंय, तर परस्पर फोन करण्याआधी मला सांगायला पाहिजे होतं, आता तो माणूस मला विचारतोय की नक्की बोलायचं कुणाशी. गणपतीच्या हॉलचं काय झालं ते सगळ्यांना आठवतं, तेव्हाही शेवटच्या आठवड्यात थांबवलं आणि हॉल हातचा गेला. विमानाची तिकिटं निघालीत, फेरीची निघालीत. आणि त्सुनामीचं म्हणाल तर हैदराबादला २००७ पासून इशारा देणारं केंद्र आहे, इशारा आला की बोट परत बोलावतील, यात अवघड काय आहे?

ताई, अमळनेरहून (माहेरी आहे, नेट मधेच जातं):

बापू, बोट परत बोलावणं हेच तर चुकीचं. २०२५ च्या जुलैत रशियाच्या कामचटकाला ८.८ चा भूकंप झाला त्या दिवशी आम्ही हवाईतल्या माऊई बेटावर होतो, दुसऱ्या दिवशी सकाळची डाइव्ह बुक होती. दुपारी भोंगे वाजले आणि आमचा इन्स्ट्रक्टर टँक, कॉम्प्रेसर सगळं पिकअपमध्ये भरून वरच्या रस्त्याला पाठवत होता आणि त्याची बोट मात्र बाकीच्या बोटींच्या रांगेत बंदरातून बाहेर निघाली. मी विचारलं तर म्हणाला किमान ३०० फूट खोल पाण्यात जायचं, तिथे लाट खालून निघून जाते, बोटीला कळतही नाही. बंदरात पाणी वाढतं, उतरतं, परत वाढतं, तास न् तास. त्या ओढीने दोर तुटतात, बोटी एकमेकींवर आपटतात, पाणी उतरलं की तळाला टेकतात. २०११ च्या त्सुनामीत हवाईतल्याच होनोलुलूच्या कीही लगूनमध्ये धक्केच तुटले आणि नावा धक्क्यांसकट वाहत होत्या, हे त्यानेच सांगितलं. आम्ही पोरांना घेऊन रात्री गाडीत झोपलो, उंचावर. सकाळी बंदर सुरू व्हायला वेळ लागला कारण आधी तळ, धक्के, वाहून आलेलं लाकूड बघावं लागतं. त्याचे कमाईचे दिवस गेले, तरी आमचे पैसे न मागता परत दिले.

नाना, भुसावळहून:

ताईचं वाचून पोटात गोळा आला, पोरं घेऊन रात्र गाडीत म्हणजे काय. आमच्याकडे हतनूर धरणाचे दरवाजे उघडणार कळलं की वडील सगळ्यात आधी नदीवरची मोटर काढायचे, मग घरचं बाकीचं. सामान वर नेणाऱ्या त्या माणसाचं डोकं मला तसंच वाटलं. बंदराचं म्हणाल तर हौदात बादली जोरात बुडवून बघा, मधलं पाणी शांत दिसतं आणि कडेच्या भिंतीवरून उडतं. आप्पा, तुमनं म्हननं बराबर शे.

बरं, रेल्वेगाडी भुसावळहून धरायची की जळगावहून? धुळ्याच्या लोकांना जळगाव सोपं पडतं पण इथे गाडी जास्त वेळ थांबते, पोरं आणि बॅगा चढवायला बरं. हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

आप्पा:

नाना, गाडीचं वेगळ्या मेलमध्ये घ्या. ताई, तू लिहिलंस ते अगदी पटलं, पण एक फरक आहे आणि माझी सगळी काळजी त्याचीच आहे. कामचटकाहून हवाईला पहिली लाट यायला जवळपास सहा तास लागले. अंदमानच्या तर बुडाशीच फॉल्ट, म्हणजे भूकंप होतो ती जमिनीतली भेग, आहे. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी ६:२८ ला हादरा बसला आणि तासाच्या आत तिथे पाणी आलं. तेवढ्यात हैदराबादचा निरोप बोटीपर्यंत पोचेल याची वाट बघत बसायचं नसतं, जमिनीवर असाल तर हादरा हाच इशारा, सरळ उंचाकडे पळायचं. बोटीवरच्याला मात्र हादरा कळेलच असं नाही आणि खाली डाइव्हवर असलेल्याला तर कुणी वरून बोलावल्याशिवाय काहीच कळत नाही. त्या दिवशी थायलंडला पाण्याखाली असलेले कितीतरी डायव्हर प्रवाहात गरगरले आणि वर आले तेव्हा किनाऱ्यावरचं सगळं गेलेलं.

म्हणून माझे प्रश्न साधे आहेत. बोटीवर रेडिओ आहे का आणि डाइव्ह चालू असताना तो ऐकायला वर माणूस असतो का. खालच्यांना परत बोलावायची खूण काय. आपल्या जागेहून खोल पाणी किती मिनिटांवर आहे, आणि तेवढा वेळ नसेल तर बोट तशीच सोडून माणसं कुठल्या टेकडीवर नेणार.

आणि बापू, धंदा त्याचाही बुडतो हे मला कळतं. पोर्ट ब्लेअरच्या बाजूला २००४ ला जमीनच साधारण मीटरभर खचली, सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली ती गेलीच, शेतकरी म्हणून मला ते वाचवत नाही. उत्तर अंदमानात उलटं, जमीन वर आली आणि प्रवाळ उघडे पडून मेले. जेट्टी आहे तिथेच आणि पाणी बदललेलं, मग फेरी लागायची कुठे आणि गिऱ्हाईक यायचं कसं? पैसे परत नाहीत ही ओळ तो त्याच भीतीने लिहीत असेल. इशारा आला तर निम्मे त्याचे निम्मे आपले असं करू, मला चालेल. पण उत्तरं पाहिजेत.

ताई:

निम्म्याला माझं हो. आणि परतीच्या विमानाआधी १८ तास डाइव्ह नको, ते पण कागदात घाला, मागे एकांनी आदल्या संध्याकाळी डाइव्ह घेतली होती आणि किती बोलणी झाली.

बापू:

फोन मीच केला, यापुढेही मीच करणार. रेडिओ आहे. डाइव्ह चालू असताना एक माणूस वर थांबतो, खालच्यांना बोलावायला शिडीवर लोखंड ठोकतात. खोल पाणी किती मिनिटांवर ते त्याला सांगता आलं नाही, नावाड्याला विचारून उद्या दुपारपर्यंत सांगतो म्हणाला. निम्मे-निम्मे त्याने मान्य केलं, लेखी देतोय. नावाड्याचं उत्तर आल्यावरच पैसे पाठवतो, शुक्रवार गेला तरी चालेल. नाना, गाडी भुसावळहून.