मदत हवी आहे: जुन्या घराचे चिरे-वासे पुन्हा वापरून घर बांधून देणारा माणूस कसा शोधावा? (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या (जांभा दगडाच्या) भिंती, सागाच्या तुळया, फणसाचे वासे, वर मंगळुरी कौलं. बरीच वर्षं बंद होतं, त्यात मागची पडवी बसली. आता आई-बाबा कायमचे तिकडे राहायला जाणार आहेत, म्हणून त्याच जोत्यावर साधारण ९०० चौरस फुटांचं एकमजली घर बांधायचंय. होईल तितकं पर्यावरणाला धरून, पण मिरवायला नको. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला पावसाळ्यात कपडे वाळत घालायला ऐसपैस पडवी हवी, एवढ्याच अटी.

दोन अंदाजपत्रकं हातात आहेत आणि दोन्ही बघून डोकं फिरलंय.

पहिलं शहरातल्या एका फर्मचं. माहितीपत्रकावर पानोपानी हिरवी पानं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंती, यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या, बिनवासाचे रंग, सौर पॅनल. यात वाईट काहीच नाही. पण यादीतली पहिलीच ओळ अशी: जुने बांधकाम जेसीबीने पाडून राडारोडा उचलणे. म्हणजे आज जागेवर असलेला दगड, लाकूड, कौलं सगळं खड्ड्यात आणि ब्लॉक ट्रकने घाट उतरून येणार! एएसी हलके असतात (घनमीटरला ५५० ते ६५० किलो), उष्णता अडवतात, उंच इमारतीत त्यांच्यामुळे लोखंड वाचतं, हे सगळं मान्य. एकमजली घराला त्याचा किती उपयोग? शिवाय ते पाणी शोषतात आणि आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस.

हरित इमारतीच्या प्रमाणपत्राचं विचारलं तर आयजीबीसीचा लोगो दाखवला. मी वाचलंय त्याप्रमाणे आयजीबीसी काय किंवा गृहा काय (दोन्ही हरित इमारतींच्या मानांकन व्यवस्था), मानांकन देतात ते त्या त्या प्रकल्पाला. ठेकेदार संस्थेचा सभासद आहे म्हणून त्याचं प्रत्येक घर हरित ठरत नाही. "तुमच्या कुठल्या घराला मिळालंय ते दाखवा" म्हटल्यापासून त्यांचे फोन थंडावलेत.

दुसरं अंदाजपत्रक गावातल्याच ठेकेदाराचं. माणूस भला, हातही चांगला. नवे चिरे, सिमेंट, आरसीसी स्लॅब, आणि स्लॅब गळतो म्हणून त्याच्यावर पत्र्याची शेड. छपराला छप्पर! गावात हल्ली सगळे हेच करतात. "कौलं घालाल हो, पण वांदरं ठेवतील का?" हे त्याचं म्हणणं खोटंही नाही. जुन्या चिऱ्यांचं काय विचारलं तर म्हणाला, गडग्याला (आवाराच्या कुंपणभिंतीला) लावून टाकू.

माझा कल सांगते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात, तेव्हा ते जितकं कमी लागेल तितकं बरं. चिरा भाजावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण खाणींनी सडेच्या सडे (जांभ्याची कातळ पठारं) पोखरलेत, त्यामुळे नवा चिराही अगदी निष्पाप म्हणवत नाही. जागेवरचा चिरा मात्र कुठून आणायचाच नाहीये. तो पुन्हा वापरणारा माणूस हवाय, मग त्याने स्वतःला ग्रीन म्हणवलं नाही तरी चालेल.

आता अडचणी. पडलेल्या भिंतीतले दोन चिरे रात्रभर पिंपात बुडवून ठेवले. सकाळी एक जसाच्या तसा, हातोडी मारली तर खणखणला. दुसऱ्याच्या भोकांतून पिवळट गाळ निघून पाणी गढूळ झालं होतं आणि त्याचा कोपरा नखाने खरवडला जात होता. दोन्ही एकाच भिंतीतले! मग शेकडो चिऱ्यांची निवड करायची कशी? जोडाईला चुना वापरावा असं एका आर्किटेक्टने सुचवलं, पण चुन्याचं काम करणारा गवंडी आमच्या भागात सापडत नाहीये. छपराचं तर काहीच ठरत नाही. २०२० च्या निसर्ग वादळात शेजारपाजारची कौलंही उडाली आणि पत्रेही. आणि मुख्य म्हणजे, असं काम घेणाऱ्याशी करार कोणत्या पद्धतीने करावा?

कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज. ठेकेदारांची नावं व्यनिमधून चालतील.

– पागोळी

सडेवाला:
ताई, पहिली गोष्ट, जेसीबी लावू देऊ नका. मातीत रचलेली भिंत हाताने वरून खाली उतरवली तर चिरे अख्खे निघतात. सिमेंटात बांधलेले सुटता सुटत नाहीत, फुटतात. नव्या भिंतीची जोडाई ठरवताना हेही डोक्यात असू द्या.

निवड तुम्ही केलीत तशीच करायची, फक्त प्रत्येक चिरा भिजवत बसायची गरज नाही. अनुभवी गवंडी नुसत्या आवाजावर बाजूला काढतो. खणखणीत वाजतो तो बाहेरच्या भिंतींना. बद्द वाजतो तो आतल्या, पाण्यापासून लांबच्या भिंतीला. गाळ सुटतो तो गडग्यालाच, तिथे तुमचा ठेकेदार बरोबर बोलला. कमी पडतील तेवढे नवे घ्या, पण स्वामित्वधन (खाणीची सरकारी रॉयल्टी) भरल्याची पावती आणि वाहतूक पास मागूनच.

नुसत्या चुन्याच्या फंदात पडू नका. साधा चुना हवा खाऊन हळूहळू घट्ट होतो, आपल्या दमट हवेत आणि हल्लीच्या घाईत ते जमत नाही. १ भाग सिमेंट, १ भाग भिजवलेला चुना, ६ भाग वाळू असा मिश्र मसाला साध्या गवंड्यालाही जमतो आणि सिमेंट बरंच कमी लागतं. सिमेंट पीपीसी प्रकारचं घ्या, त्यात १५ ते ३५ टक्के कोळशाची राख (फ्लाय अ‍ॅश) असते, म्हणजे सिमेंट तेवढं कमी. खाडीची रेती स्वस्तात मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठ सळई खातं. बाहेरून पश्चिमेची भिंत सोडून बाकी सगळीकडे गिलाव्याशिवाय नुसतं पॉइंटिंग (सांधे मसाल्याने भरणं) चालतं. पश्चिमेला पडवी काढा, आईंचे कपडेही वाळतील.

कच्चा_आराखडा:
मी स्थापत्य अभियंता आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण गाडी तिथेच अडते.

चौरस फुटाच्या दराने, सामानासकट काम दिलंत तर जुनं सामान वापरण्यात ठेकेदाराचा फायदा शून्य. उलट उतरवायची, साफ करायची, निवडायची मजुरी त्याच्या अंगावर. मग तो गडग्याला लावू म्हणणारच, यात त्याचा दोष नाही. सामान तुमचं ठेवा आणि मजुरी बाबवार ठरवा. चिरे उतरवून साफ करून रचून ठेवणे, ही वेगळी बाब आणि तिला वेगळा दर. लाकडाचंही तसंच. असं केलंत तर तो गावातला ठेकेदारच हे काम आनंदाने करेल, शहरातून कोणी आणायला नको.

स्वतःच्या जमिनीवर स्वतःसाठी बांधताय, त्यामुळे महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) इथे कामाला येणार नाही. करार लेखी करा, पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या. आणि त्याने बांधलेलं निदान चार-पाच पावसाळे काढलेलं एक घर बघाच, भर जुलैत. मालकाशी बोलून भागत नाही. घरातल्या बाईला विचारा, ओल कुठे येते.

एक गोष्ट मात्र हरितपणाच्या नादात कापू नका: लिंटेलच्या (दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या) पातळीला घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा. भूकंपात तो भिंती बांधून ठेवतो, आणि भूकंपाचं कोयना फार लांब नाही.

वाशेकर:
छपरावर माझे दोन पैसे. वादळात कौलं उडतात ती बहुतेक वळचणीची आणि आढ्याची. या दोन ठिकाणची कौलं रिपांना तारेने किंवा स्क्रूने बांधून घ्या आणि छपराचा सांगाडा खालच्या काँक्रीटमध्ये बोल्टने पकडा. आमचं तसं केलेलं छप्पर नंतरच्या वादळात टिकलं. वांदरांवर उपाय नाही, खरंच नाही. दरवर्षी शंभरेक कौलं जादा ठेवा आणि ती बदलणारा माणूस धरून ठेवा. तो मिळणार नसेल तर निमूटपणे पत्रा घाला, त्यात कमीपणा काही नाही. आई-बाबांना शिडीवर चढवणार आहात का?

पागोळी:
तिघांचेही मनापासून आभार. कच्चा_आराखडा, बाबवार मजुरीचं अजिबात सुचलं नव्हतं. ठेकेदाराला आजच फोन केला. चिरे उतरवायचा वेगळा दर म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला, येत्या रविवारी मोजमाप घ्यायला येतोय. दिवाळीनंतर काम सुरू करून मे महिन्याच्या आत छप्पर चढवायचा विचार आहे. वाशेकर, पत्र्याचं आईला विचारते, ती कौलांवर अडून बसली आहे. तुळया चांगल्या आहेत की नाही हे मला बघता येईल का, की सुतारच हवा?

वाशेकर:
तुम्हालाही येईल. मधला भाग ठणठणीतच दिसतो, त्यावर जाऊ नका. तुळई भिंतीत जिथे शिरते ती टोकं मोकळी करून जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर तेवढं टोक वाळवीने किंवा ओलीने गेलंय. तेवढंच कापायचं, बाकीच्याची खिडक्या-दारांची चौकट होते. सुताराला रंध्याचे पैसे वेगळे सांगा, जुन्या लाकडातल्या खिळ्यांनी त्याची पाती जातात.