मदत हवी आहे: हान्सलिकच्या लेखणीचं वजन नक्की किती होतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या श्रवणमंडळात मला १९व्या शतकातल्या व्हिएन्नाबद्दल बोलायचं आहे आणि एदुआर्द हान्सलिकपाशी मी अडकले आहे. 'नोये फ्राये प्रेस' या व्हिएन्नातल्या वृत्तपत्राचा संगीतसमीक्षक, शिवाय व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक. संगीताचं सौंदर्य स्वरांच्या रचनेतच असतं, भावना जागवण्यात नाही, हे त्याने १८५४मध्येच पुस्तकात मांडलं होतं. संगीतकार ब्राम्स त्याचा मित्र. दुसरा संगीतकार ब्रुकनर मात्र त्याला पुढे पटेनासा झाला. १८८१मध्ये रशियन संगीतकार चायकोव्स्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला, तेव्हा हान्सलिकने फार जहरी लिहिलं. तरी तो कॉन्चेर्टो आज जगभर वाजतोच.

जर्मन ऑपेराकार वाग्नरचं प्रकरण तर विलक्षण आहे. १८४६मध्ये तरुण हान्सलिक वाग्नरच्या 'टानहॉयझर' या ऑपेरावर कौतुकाने भरभरून लिहितो, पुढे कडवा विरोधक होतो, आणि वाग्नर 'माइस्टरझिंगर' या ऑपेराच्या एका मसुद्यात दोषच शोधत बसणाऱ्या बेकमेसर या पात्राला चक्क 'हान्सलिश' हे नाव देतो! एवढी टीका झोंबत असेल तर तिच्यात ताकद होतीच, असं मला वाटतं.

पण ती ताकद दाखवायची कशी? त्याच्या लेखामुळे एखादी रचना पुढच्या कार्यक्रमांतून वगळली गेली, प्रकाशकाने हात आखडता घेतला, असं काही ठोस कुणाच्या वाचनात आलंय का? श्रोते त्याचं ऐकत होते की वाचून सोडून देत होते? ब्रुकनरबद्दलचे किस्से पुष्कळ सापडतात, मला त्या काळची पत्रं किंवा कार्यक्रमपत्रिका हव्या आहेत. जर्मन येणाऱ्यांनी जरूर सांगा. त्याच्या लेखांचा चांगला इंग्रजी अनुवाद कोणता, तेही कळवा.